अठ्ठावीस दिवसांची ताकद

मुकुटबनचा सिमेंट कारखाना 2022 मध्ये सुरू झाला. वर्षाला 39 लाख टनांचा. कापूस, तूर आणि वणीची गाडी चुकली की काय करायचं, एवढ्याच चिंता असलेल्या गावात भाड्याच्या खोल्यांना एकदम भाव आला. सतना, मैहर, चित्तोडकडची माणसं आली. पैनगंगेपलीकडचे तेलुगू बोलणारे तर पाहुण्यांतही मोजू नयेत इतके जवळचे. येताना ज्याने त्याने आपापला देव सोबत आणला. कुणी ट्रंकेत, कुणी मोबाइलच्या वॉलपेपरवर. एकच गडी देव न घेता आला. त्याचं म्हणणं, आधी आहे की नाही ते बघू.

हा गडी कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. त्याला नास्तिक म्हटलं तर राग येतो. "नाही म्हणायलासुद्धा पुरावा लागतो," तो म्हणतो, आणि चहाचा कप असा धरतो की जणू त्यात पुरावा विरघळलेला आहे. सुधारक आगरकर त्याचे लाडके. ते अकोल्याला शिकले, एवढ्या भांडवलावर तो त्यांच्याबद्दल गावातल्या मोठ्या चुलत्याबद्दल बोलावं तसं बोलतो. पण आगरकरांपाशी त्याचं भागत नाही. रात्रपाळीत तीनच्या सुमारास भट्टी घरघरत असते, बाकी सगळं शांत असतं, आणि तेव्हा त्याला वाटतं की कुणीतरी असायला हवं होतं. सकाळी आठला पाळी सुटली की ते वाटणं बंद पडतं. एरवी माणूस अशा वेळी लग्न करतो. हा चर्चला जायला लागला.

चर्चच का, हे आम्ही विचारून झालं. तो मोझरीच्या बाजूचा. वडील गुरुदेव सेवा मंडळाचे, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चुकली तर त्यांना जेवण जात नाही. घरात खंजिरी, कोनाड्यात ग्रामगीता. म्हणजे सगळी सोय होती. पण घरच्या देवाने याला दुपट्यात पाहिलेलं. त्याची मुलाखत घ्यायची कशी? मुलाखतीला परका उमेदवार बरा. मशिदीत जायला त्याला धीर होत नव्हता, विहारात गेला तर तिथल्या एका काकांनीच उलटतपासणी घेतली. "बाबासाहेबांनी येवल्याले 1935 मध्ये सांगतलं आन् नागपूरले दीक्षा 1956 मध्ये घेतली. मधात एकवीस वर्षं अभ्यास केला त्याईनं. तुह्यं काय वाचून झालं?" याचं त्या वेळी एक पुस्तक अर्धं झालं होतं. तो विहारात पुन्हा दिसला नाही.

चर्चमध्ये असं विचारत नाहीत. तिथे आधी चहा देतात.

त्याची पद्धत प्रयोगशाळेतली. सिमेंट कसं तपासतात, हे आता मुकुटबनच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. प्रमाणित वाळू आणि सिमेंट मिसळून ठोकळे पाडायचे, चोवीस तासांनी साच्यातून काढून पाण्यात बुडवून ठेवायचे, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे. त्रेचाळीस ग्रेडच्या सिमेंटने तिसऱ्या दिवशी 23, सातव्या दिवशी 33 आणि अठ्ठाविसाव्या दिवशी 43 मेगापास्कल एवढा दाब पेलला पाहिजे. अठ्ठावीस दिवस म्हणजे बरोबर चार रविवार. याने प्रत्येक चर्चला चार रविवार द्यायचे ठरवलं. लॅपटॉपवर तक्ता केला: गाणी, उपदेश, प्रश्न विचारू देतात का, नाश्ता. शेवटचा रकाना 'काही जाणवलं का'. तो सगळीकडे कोरा आहे. नाश्त्याचा मात्र काठोकाठ भरलेला.

पहिला मान चंद्रपूरच्या सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, चर्चला मिळाला. सगळं शिस्तीत. छापलेल्या प्रार्थना, 'उपासना संगीत'मधली गाणी, त्यांत नारायण वामन टिळकांची कितीतरी. मराठी इतकी शुद्ध की याला आपण शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बसलोय असं वाटलं. उपासना संपल्यावर याने पाळकांना गाठलं. फुकट मिळालेला नवा करार तो वाचायला बसला होता आणि पहिल्याच पानावर अडकला होता. मत्तय अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतची वंशावळ देतो आणि शेवटी सांगतो की चौदा, चौदा आणि चौदा पिढ्या झाल्या. याने मोजल्या. शेवटच्या टप्प्यात तेराच भरतात. नमुन्यात एक पिढी कमी! पाळक वयस्क होते. म्हणाले, "मोजणारे तुम्ही पहिले नाही. शेकडो वर्षं लोक मोजताहेत. उत्तरंही बरीच आहेत. बसा, पोहे घ्या." तक्त्यात नोंद झाली: प्रश्न विचारू देतात का? हो. उत्तर? पोहे.

दुसरी पाळी बल्लारपूरची, सिरो-मलबार कॅथलिकांची. केरळातल्या या मंडळींना चांद्याचा मुलुख 1962 मध्ये मिशन म्हणून मिळाला आणि 1977 मध्ये त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, हे सगळं याने जायच्या आधीच वाचून ठेवलं होतं. वाचनात तो कमी नाही, देव सोडून सगळं वाचतो. पाला गावचा एक मल्याळी फिटर त्याला घेऊन गेला. तिथे उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं इतक्यांदा होतं की रात्रपाळीवरून थेट गेलेला माणूस हमखास चुकीच्या वेळी उभा सापडतो. पण खरी पंचाईत पवित्र भाकरीच्या वेळी झाली. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून हा बाकावरच राहिला आणि सगळी रांग त्याचे गुडघे ओलांडून पुढे गेली, पुन्हा ओलांडून परत आली. "एवढ्या लोकांनी मला 'सॉरी' म्हटलं," तो सांगत होता, "की मलाच पापी असल्यासारखं वाटलं." फिटर म्हणाला, "सर, तीच सुरुवात आहे." याला वाटलं तो चेष्टा करतोय. फिटर अजिबात चेष्टा करत नव्हता.

पुढे याने केरळातला वाद हुडकला. कुर्बान्याच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या, वेळी धर्मगुरूने लोकांकडे तोंड करायचं की वेदीकडे? 2021 मध्ये त्यांच्या धर्मसभेने तोडगा सगळीकडे लागू करायचं ठरवलं, अर्धा वेळ इकडे, अर्धा वेळ तिकडे, आणि एर्नाकुलममध्ये त्यावरूनच रण पेटलं. हे ऐकून आमच्या चहाच्या टपरीवरचे सगळे खूश झाले. आपल्याकडे पंगतीत आधी भात वाढायचा की पोळी यावर सोयरिकी मोडल्या आहेत. तोंड कुठे करायचं हा प्रश्न गावाला एकदम जवळचा वाटला. हा मात्र खट्टू. त्याला वाटलं होतं, भांडणं फक्त आपल्याच लोकांत असतात.

यवतमाळला तो फ्री मेथडिस्टांकडे गेला. तिथे देवापेक्षा इतिहासातच जास्त रमला. 1860 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ही मंडळी मूळ मेथडिस्टांपासून वेगळी झाली. कारणांत गुलामगिरीला विरोध होता आणि चर्चच्या बाकांचं भाडं घेण्यालाही विरोध होता. श्रीमंतांनी पैसे भरून पुढची बाकं अडवायची आणि गरिबांनी मागे उभं राहायचं, हे यांना मान्य नव्हतं. आमच्या टपरीवाल्याला हे इतकं पटलं की त्याने दोन दिवस बाकावर बसून पेपर वाचणाऱ्यांना हाकललं नाही. यवतमाळलाच 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली, हेही त्याने सांगितलं. यावर एक म्हातारे शेतकरी उसासून म्हणाले, "विदर्भातलं सगळं पुण्यालेच जाते बाप्पा." मग चर्चा अनुशेषावर गेली आणि ईश्वर त्या दिवशी मागे पडला.

मधे काही महिने त्याची सुट्टी रविवारवरून शनिवारवर आली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, देवाची इच्छा. याने शनिवारी भरणारं चर्च शोधून काढलं. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट शनिवारलाच शब्बाथ मानतात. नागपूरपर्यंत जाऊन त्याने तेही तपासलं. त्या एका गोष्टीसाठी माझा त्याला नमस्कार आहे. सुट्टीच्या दिवशी वणीला जायचा आम्हाला कंटाळा येतो.

या येरझाऱ्यांचा गावाने आपला अर्थ लावला होता. एक तट म्हणे, पोरगं बाटलं. दुसरा तट म्हणे, काही बाटलंबिटलं नाही, केरळची नर्स आहे. दुसरा तट मोठा होता, कारण देव शोधणं गावाला कळत नाही, नर्स शोधणं कळतं. ही गोष्ट मोझरीपर्यंत गेली. आई फोनवर रडली. वडिलांनी एवढंच विचारलं, "तिकडं प्रार्थनेले टायमावर जातं का?" हा म्हणाला, हो. "मंग ठीक आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. या एका वाक्याने त्याचे चार रविवार गढूळ झाले. विरोधाची तयारी करून ठेवली होती, आणि वापरायला मिळाली नाही.

त्याच्याकडे दाखले तयार असतात. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण ज्या सिस्टर जेराल्डीननी त्यांना सांभाळलं त्यांच्याशीच पत्रांतून भांडल्या, कुठल्याही पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. नारायण वामन टिळकांचंही तसंच. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 1895 मध्ये ते झाले. आणि 1917 मध्ये मिशन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. हे सांगताना आमचा गडी असा काही थांबतो की या यादीत पुढचं नाव आपण ओळखावं. आता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणून गेल्या, आणि हा अजून तेराव्या पिढीपाशी बसलाय, हे त्याला कोण सांगणार? मी एकदा सांगितलं. तो म्हणाला, त्यांना रात्रपाळी नव्हती. राजनांदगावच्या गोष्टीचा परिणाम मात्र खोल आहे. रेल्वेच्या डब्यात समोर कुणी गोरापान माणूस बसला की हा पुस्तक मिटून सावरून बसतो. आदिलाबादच्या गाडीत आजवर त्याला एका कीटकनाशकाच्या एजंटाने तेवढं काहीतरी दिलं. तेही माहितीपत्रक.

शेवटी तो जवळच, एका टिनाच्या शेडमधल्या पेंटेकॉस्टल मंडळीत गेला. तिथे कीबोर्ड, ढोलक, टाळ्या. निम्मं तेलुगू, पाव हिंदी, पाव मराठी. छापील प्रार्थना नाही, ज्याला जे सुचेल ते, सगळ्यांनी एकदम. मग साक्षी. एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, म्हैस चारा सोडून बसली होती, मंडळीने प्रार्थना केली, तिसऱ्या दिवशी उठली. सगळे "स्तोत्रम" म्हणाले. यानेही म्हटलं, मग हात वर करून विचारलं, "त्याच वेळी आजारी पडलेली, पण प्रार्थना न केलेली दुसरी म्हैस होती का?" शेडमध्ये शांतता. बाई थोडा विचार करून म्हणाल्या, "तिच्यासाठीबी केली असती ना भाऊ. सांगाले पायजे होतं." तक्त्यात काय लिहावं हे त्याला त्या रात्री कळलं नाही.

त्या शेडमध्ये एक रीत होती. नवीन आलेल्यांनी उभं राहायचं, नाव सांगायचं, सगळे टाळ्या वाजवून स्वागताचं गाणं म्हणतात आणि एक आजीबाई हातावर चॉकलेट ठेवतात. याचा चेहरा त्या वेळी बघावा. अज्ञेयवाद वगैरे सगळं उतरून पाचवीतलं पोरगं दिसतं. आणि मला वाटतं, याच्या सगळ्या भटकंतीचं मर्म तिथेच आहे. हा देव शोधतो हे खरं, पण पाहुणचारावर शोधतो. पहिल्या रविवारी स्वागत, दुसऱ्या रविवारी विचारपूस, तिसऱ्या रविवारी कुणीतरी सहज म्हणतं, "भाऊ, या खुर्च्या जरा तिकडं लावता का?" चौथ्या रविवारी पाळक हळूच बाप्तिस्म्याचा विषय काढतात. आणि अठ्ठावीस दिवस भरतात! प्रयोगशाळेतल्या त्याच्या हाताखालच्या पोराने त्याला एकदा तोंडावर सांगितलं, "सर, तुमी ठोकळा पाण्यातच टाकत नाई. कोरडाच ठेवता, आन् अठ्ठाविसाव्या दिवशी फोडून म्हन्ता की ताकद नाई भरली." पेंटेकॉस्टल लोक तर चांगलं डोक्यासकट पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देतात, म्हणजे पोराचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्याही बिनचूक होता. सरांनी त्याला क्लिंकरचे नमुने आणायला पाठवलं.

शेडमध्ये मात्र तो अठ्ठावीस दिवसांनंतरही राहिला. कारण आध्यात्मिक नव्हतं. त्यांचा अॅम्प्लिफायर खरखरत होता आणि तो कसा शांत करायचा हे मंडळीत फक्त यालाच जमत होतं. पावसाळा गेला, नाताळ आला, कंदील टांगायला शिडीवर हाच. जेवणात तिखट जास्त झालं तर लोक याच्याकडे बघायचे. मग जुने पाळक बदलून गेले, नवे आले. नव्यांनी पहिल्याच रविवारी विचारलं, "आज कोण नवीन आलंय? उभे राहा." आमचा गडी सवयीने उभा राहिला. मागून आजीबाईंनी शर्ट ओढला. "बस ना बाप्पा खाली. तू तं जुना हायेस."

शेड हसली. चॉकलेट नवीन आलेल्या दुसऱ्याच पोराला गेलं.

हा टपरीवर आला तो तणतणतच. "मला न विचारता यांनी मला जुना कसा केला? माझा निर्णय झालेला नाही. तक्ता पुरा नाही." आम्ही त्याला थंड केला, भजी खाऊ घातली. पण पुढच्या रविवारी तो पहाटेच्याच गाडीने आदिलाबादला एका नव्या चर्चमध्ये गेला. इकडे अॅम्प्लिफायर पुन्हा खरखरला म्हणे, आजीबाईंनी प्रवचनभर कानावर पदर धरला होता.

संध्याकाळी परतल्यावर मी विचारलं, कसं काय वाटलं?

"ठीक होतं," तो म्हणाला. "पण तिथं नवीन आलेल्यांना उभंच करत नाहीत. फार कोरडी माणसं."