उभ्या उभ्या चार शब्द

बायकोबरोबर खरेदीला आलेल्या नवऱ्यांसाठी मॉलमध्ये ट्रायल रूमबाहेर एक सोफा असतो. परवा पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात मी त्यावर पाऊण तास बसलो होतो. (पाचवा कुर्ता चालू होता.) समोर एक मुलगी उभी. छातीवर बिल्ला: ‘मला विचारा’. विचारायला कुणी नव्हतं, तरी तिचं काम चालूच. घडीचा कुर्ता उचलायचा, घडी मोडायची, पुन्हा तीच घडी घालायची. मधूनच एक टाच बुटातून हळूच बाहेर यायची, जरा हवा खाऊन परत आत जायची.

मी सरकून म्हटलं, “बस की जरा.”

तिनं नुसते डोळे वर केले. छताला कॅमेरा. “नाही चालत, काका.”

बरोबरच आहे. या बाबतीत मी मालकाच्या बाजूचा. पोरगी बसली की गिऱ्हाइकाला कळणार, हिला गुडघे आहेत. मग तीन हजारांच्या कुर्त्याची मजा काय राहिली? शेजारचा पुतळा बघा. सकाळपासून उभा आहे, पाणी मागत नाही, म्हणून पुढची सोयही मागत नाही.

केरळातल्या बायकांना मात्र एवढी साधी गोष्ट पटली नाही. तिथल्या कापडदुकानांत बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही, आणि संडासाची सोय नाही म्हणून पाणीसुद्धा जपून प्यायचं, अशी शिस्त होती. कोझिकोडच्या पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सगळ्यांना गोळा केलं, आणि 2018 मध्ये सरकारला बसण्याची सोय कायद्यात घालावी लागली. 2021 मध्ये तमिळनाडूही त्याच वाटेनं गेलं. इंग्लंडात तर हे खूळ 1899 सालचं: दुकानातल्या दर तीन बायांमागे एक बैठक. व्हिक्टोरिया राणी तेव्हा 62 वर्षं सिंहासनावर बसून होती, बसण्याचे फायदे तिला कुणी सांगायला नकोत. आपल्याकडेही उभ्यानं काम करणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला 1948 च्या कायद्याच्या कलम 44 नं बसायची सोय दिली होती. पण मॉलला धुराडं नसतं, सबब तो कारखाना नव्हे.

महाराष्ट्राचा हात याहून मोठा. 2017 च्या कायद्यानं दुकानं वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवायची मुभा दिली. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं दुकानांतले कामाचे तास दिवसाला 9 वरून 10 करायला मंजुरी दिली. हा निर्णय अर्थातच बसून झाला.

तेवढ्यात मॅनेजर आले. खुर्चीचं विचारलं, तर हसले. “सर, आम्ही यांना स्टाफ म्हणतच नाही. फॅमिली म्हणतो.”

“पगार?”

“तो एजन्सी बघते.”

फॅमिली म्हटल्यावर माझं तोंडच बंद झालं. घरच्या बाईनं सगळ्यांची पानं उठल्याशिवाय बसायचं नसतं, हे आम्हाला कुणी नव्यानं शिकवायचं?

आतून बायकोची हाक आली, “एक्सएल आहे का बघ गं!” माझ्या डोळ्यांसमोर, वरच्या हँगरला एक्सएल लटकत होता.

“खालच्या रॅकवर असेल, मॅडम,” म्हणत ती खाली उकिडवी बसली. चांगली चारेक मिनिटं शोधत राहिली. उठताना माझ्याकडे न बघताच पुटपुटली,

“काका, डबल एक्सएलपण विचारा ना. तेही खालीच आहे.”