तात्या विंचूचं वकीलपत्र

‘पयला पिच्चर भारी व्हता, दुसऱ्यात दम न्हाई.’ हा निकाल बिदर जिल्ह्यातल्या कमठाण्याच्या हॉटेलात भज्यांची दुसरी प्लेट मागवता मागवता दिला जातो. दुसऱ्या प्लेटीत दम नाही असं मात्र आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आरोपी आहे ‘झपाटलेला २’. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला १९९३ मध्ये, दुसरा भाग २०१३ मध्ये. मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झाली, आणि तरीही आज तात्या विंचू या बाहुल्याची गोष्ट निघाली की लोक पहिल्याचेच संवाद म्हणतात. फिर्यादी गावोगाव आहेत, वकील एकही नाही. तेव्हा हे वकीलपत्र मी फुकट घेतो. सीमाभागात फुकटचा वकील मिळणं किती दुर्मिळ, हे तात्याला ठाऊक नसलं तरी बिदर जिल्ह्याला ठाऊक आहे.

कलम पहिलं : दुसऱ्यात लक्ष्या नाही. खरं आहे. पहिल्या भागातला लक्ष्या साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्ये गेले. आता दिग्दर्शकासमोर वाटा दोन होत्या. लक्ष्यासारखा दिसणारा कुणीतरी आणायचा आणि त्याच्याकडून तसेच हातवारे करून घ्यायचे, किंवा तो गेला हे सरळ मान्य करायचं. कोठारेंनी मान्य केलं. गोष्टीतही लक्ष्या हयात नाही. आहे त्याचा मुलगा आदित्य, आणि त्याला वाढवणारी आजी, म्हणजे पहिल्या भागातली लक्ष्याची आई, मधू कांबीकर. लक्ष्याची उणीव त्यांनी झाकली नाही, तिच्यावरच गोष्ट उभी केली. गेलेल्या नेत्याचा फोटो लावून मतं मागण्यापेक्षा हा व्यवहार पुष्कळ सरळ आहे.

कलम दुसरं : आदित्यच्या भूमिकेत दिग्दर्शकाने स्वतःचाच मुलगा घेतला. होय, आदिनाथ कोठारे. पण हा आरोप करतं कोण? आमचा जिल्हा! भालकीत भीमण्णा खंड्रे आमदार झाले, मंत्री झाले. मग ईश्वर खंड्रे आमदार झाले, मंत्री झाले. २०२४ मध्ये सागर खंड्रे बिदरचे खासदार झाले. सीमेपलीकडे लातुरात विलासराव देशमुखांनंतर अमित देशमुख, धीरज देशमुख. दोन राज्यं, दोन भाषा, पटकथा एकच. तिथे तिसऱ्या भागालाही हार, फटाके आणि गुलाल. कोठारेंनी एकाच मुलाला एकदा बाहुल्यासमोर उभं केलं, तर लगेच कला बुडाली.

कलम तिसरं : थ्रीडी म्हणजे नुसता देखावा, उगाच वस्तू अंगावर येतात. साहेब, तुम्ही हा सिनेमा पाहिला कुठे? घरच्या टीव्हीवर, जाहिरातींच्या फटीतून, चष्म्याशिवाय. थ्रीडीत डाव्या डोळ्याचं आणि उजव्या डोळ्याचं चित्र वेगवेगळं टिपतात. चष्मा ज्याचं त्याला देतो, तेव्हा कुठे वस्तू पडद्याबाहेर येते. चष्मा नसेल तर कॅमेऱ्याकडे विनाकारण हात लांबवणारी माणसं दिसतात, बस. हे म्हणजे गॅस न पेटवता चहा ठेवायचा आणि पत्ती हलकी निघाली म्हणून दुकानदाराशी भांडायचं. कमठाण्याहून मराठी सिनेमा पडद्यावर पाहायचा तर बहुधा उदगीर-लातूरची वाट धरावी लागते. ती कुणी धरली नाही आणि दोष मात्र बाहुल्याच्या कपाळी मारला.

कलम चौथं : मूळ कल्पनाच हॉलिवूडची. कबूल. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मधली. पण मग हा गुन्हा पहिल्या भागाचा झाला, आणि त्याला तर तुम्ही देव्हाऱ्यात बसवलंय. शिवाय त्या अमेरिकन बाहुल्याने १९९० मध्ये दुसरा आणि १९९१ मध्ये तिसरा भाग उरकून टाकला. आमचा तात्या वीस वर्षं थांबला. एवढा संयम मराठी माणसात सापडत नाही. तात्याचा बाहुलाही कुणी यंत्रातून काढलेला नव्हे, रामदास पाध्यांनी घडवलेला. ज्यांच्या वडिलांच्या, य. के. पाध्यांच्या, हातावर अर्धवटराव हा बाहुला बोलायचा. आवाज पुन्हा दिलीप प्रभावळकरांचाच. आयात काय ती आत्म्याची, देह स्वदेशी.

कलम पाचवं, आणि हेच खरं दुखणं : दुसऱ्यात भीती वाटत नाही. १९९३ मध्ये तुम्ही सात वर्षांचे होता. रात्री कपाटाचं दार किलकिलं दिसलं तरी आईला हाक मारायचा. २०१३ मध्ये तुमच्या डोक्यावर बियाण्याची उधारी होती, सोसायटीचं कर्ज होतं, सोयाबीनचा भाव होता. बाहुला तेवढाच राहिला, घाबरवणाऱ्या गोष्टी वाढल्या. तात्या फार तर जीव घेईल म्हणतो, हप्ता तर मागत नाही! दुसऱ्या भागाची तुलना पहिल्याशी झालीच नाही, ती झाली तुमच्या सातव्या वर्षाशी. तो खटला जगातला कुठलाही दिग्दर्शक हरणार. शेजारच्या कन्नडात ‘आप्तमित्र’नंतर २०१० मध्ये ‘आप्तरक्षक’ आला, त्याचे नायक विष्णुवर्धन गेल्यानंतर. तिथे प्रेक्षकांनी दुसरा भाग डोक्यावर घेतला. एवढी एक गोष्ट तरी सीमेवरून इकडे यायला हरकत नव्हती.

सरकारपक्षाला माझा एकच उलटा प्रश्न आहे. दुसऱ्या भागांचा एवढा तिटकारा असेल, तर आपण राहतो कशात? १९५६ मध्ये हैदराबाद राज्य फुटलं, बिदर म्हैसूरकडे आणि उदगीर मुंबई राज्याकडे गेलं. तो पहिला भाग. १९६६ मध्ये सीमावादावर महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला, दुसरा भाग. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तिसरा. नट बदलले, संवाद तेच, आणि प्रत्येक निवडणुकीत फेरप्रदर्शन. याला कुणी ‘दम न्हाई’ म्हणत नाही, उलट समोर सतरंजी टाकून बसतं.

‘झपाटलेल्या’चा तिसरा भाग जाहीर झाला आहे. तो जरूर यावा. तात्या विंचूला संपवायचा निदान एक नियम तरी आहे : दोन भुवयांच्या बरोबर मध्ये गोळी. आयोगांना आणि समित्यांना भुवयाच नसतात.