मामा, पट्टी आणि हार्बर लाइन

टेबल सॉमध्ये पातं जेवढा भाव खातं, तेवढं काम करत नाही. दहा इंचांची दातेरी चकती गरगर फिरते, भुसा उडवते, बघणाऱ्याला दोन पावलं मागे सरकवते. पण फळी सरळ चिरली जाते ती पात्याला समांतर उभ्या असलेल्या फेन्समुळे. आणि फेन्सला आधार असतो टेबलाच्या पुढच्या-मागच्या कडांना बोल्टांनी आवळलेल्या दोन रेल्सचा. आमच्या मामाकडे पातं होतं, मोटर होती, फेन्सही होती. रेल्स नव्हत्या.

मामेभाऊ न्यू जर्सीतून कायमचा परतला, तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमधून हे धूड डोंबिवलीत उतरलं. बांधताना रेल्स सोडवून ‘वेगळ्या व्यवस्थित’ ठेवल्या होत्या. व्यवस्थित ठेवलेली वस्तू पुन्हा सापडल्याचं आमच्या घराण्यात उदाहरण नाही. मामेभाऊ नोकरीसाठी हिंजवडीला गेला आणि यंत्र बँकेतून निवृत्त झालेल्या मामाच्या नावावर जमा झालं.

मामाने आधी कागदपत्रं तपासली. यंत्रावर नाव क्राफ्ट्समनचं, विकणारी कंपनी सीअर्स, पण मॉडेल नंबरची सुरुवात ११३ ने. म्हणजे प्रत्यक्ष बनवणारी एमर्सन इलेक्ट्रिक. नाव एकाचं, दुकान दुसऱ्याचं, माल तिसऱ्याचा. कर्जविभागात आयुष्य गेल्यामुळे मामाला हे प्रकरण लगेच उमगलं. पुढे २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हे नाव स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने घेतलं आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. “म्हणजे रेल मागायची कुणाकडे, हा आता वारसाहक्काचा प्रश्न आहे,” मामा म्हणाला. मोटर १२० व्होल्टची होती, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणला होता. साठ सायकलची मोटर आपल्या पन्नास सायकलवर सहाव्या हिश्शाने हळू फिरते. मामीच्या मते यंत्रातली तेवढी एकच गोष्ट चांगली होती.

समोरच्या इमारतीत फर्निचरचं काम करणाऱ्या राजस्थानी सुताराने येऊन पाहणी केली. त्याचं स्वतःचं यंत्र म्हणजे प्लायवूडच्या तुकड्याखाली उलटा बसवलेला हातकटर आणि शिकंज्याने दाबलेली एक सरळ पट्टी. त्यावर त्याने तीन फ्लॅटांचं फर्निचर उतरवलं होतं. “अंकल, पट्टी मारो, काम चालू करो,” एवढं बोलून तो निघून गेला. मामाला हे अपमानास्पद वाटलं. पट्टी दर वेळी नव्याने समांतर लावावी लागते. तिचं मागचं टोक केसभर पात्याकडे झुकलं, की फळी पातं आणि पट्टीच्या मध्ये आवळली जाते, मागून वर येणारे दाते तिला उचलतात आणि ती ढकलणाऱ्याच्याच पोटावर येते. हे मामाने मामीला चहाच्या वेळी बशी आणि बिस्किट घेऊन समजावलं. दुसऱ्या दिवशी मामीने मला फोन केला. “तू त्याच्याबरोबर जा. निदान काय आणतोय ते तरी कळेल.”

म्हणून रेल्स शोधायला आम्ही दोघं मशीद स्टेशनवर उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो.

नागदेवीत ‘नाही’ हे उत्तर मिळत नाही. “काम क्या है?” असा उलट प्रश्न येतो. मामा बिचारा प्रत्येक दुकानात पात्यापासून सुरुवात करी. दुकानदार शांतपणे ऐकून घेई, मागे वळे आणि त्याच्याकडे जे असेल ते काढून ठेवी. एकाने ड्रॉवरचे चॅनेल काढले. दुसऱ्याने सरकत्या दाराचा ट्रॅक. तिसऱ्याने पाण्याचा पंप दाखवला आणि नको म्हटल्यावर “अभी नहीं तो गर्मी में लगेगा” असं सांगून आपलं कार्ड मामाच्या खिशात घातलं. हातगाड्या पोटऱ्यांना घासत होत्या, डोक्यावरून बेअरिंगची खोकी जात होती आणि या गदारोळात मामाला त्याचा गुरू भेटला.

पाच फूट रुंदीचं बोल्टांचं दुकान. सोनेरी काठाची पांढरी टोपी घातलेले वृद्ध बोहरी शेठ. मामाने नमुन्याचा बोल्ट पुढे केला. शेठनी तो बघितलाही नाही, नुसता अंगठ्याने चाचपला. “अमेरिकन.” मामा गार. मग शेठनी समजावलं: तीन अष्टमांशच्या बोल्टात इंचाला सोळा आटे, अमेरिकन असो की जुना इंग्लिश, फरक आट्याच्या कोनाचा, त्यांचा साठ अंश, इंग्लिशचा पंचावन्न. “अर्ध्या इंचाचा असता तर रडला असतात. इंग्लिशला बारा आटे, अमेरिकनला तेरा. थोडा आत जातो आणि अडकून बसतो.” मामाने हे चिठ्ठीवर लिहून घेतलं. मग आठ बोल्ट घेतले, आणखी आठ घेतले आणि केवळ आदरापोटी डझनभर वॉशर. बाहेर पडल्यावर म्हणाला, “बँकेत असा एक माणूस असता ना, तर एवढी कर्जं बुडाली नसती.”

चोरबाजारात मात्र गुरू नव्हते. मटन स्ट्रीटवर जे जे जुनं ते ‘जहाज का’. घड्याळ जहाजाचं, दिवा जहाजाचा, ज्या स्टुलावर मालक बसला होता तेही जहाजाचं. रेल म्हटल्यावर त्याने पोटमाळ्यावरून पितळेचा लांबलचक कठडा खाली ओढला. मामाने एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, “वाकडा आहे.” मालक म्हणाला, “समुंदर में था.” या युक्तिवादाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. तरीही पितळ पाहून मामा पाघळू लागला. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

तेवढ्यात हिंजवडीहून फोन. मामेभावाने सुचवलं की मूळच्या रेल्सचा नाद सोडा. अमेरिकेतच अ‍ॅरिझोनातल्या बिल बीझमायर नावाच्या माणसाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक सोपी युक्ती काढली होती: टेबलाच्या पुढच्या कडेला लोखंडी अँगल, त्याच्यावर चौकोनी पाइप आणि त्या पाइपला फक्त पुढून पकडणारी टी आकाराची फेन्स. पुढची पकड पक्की असली की मागे आधाराला नुसता अँगल पुरतो. सगळं साधं लोखंड, कुठल्याही वखारीत मिळणारं. मामाने फोन ठेवला आणि बराच वेळ बोलला नाही. सुताराची पट्टी नाकारून इथवर आल्यावर शेवटी पट्टीच घ्यायची, फक्त अ‍ॅरिझोनाची, हे त्याला पचवायचं होतं.

रे रोडला दारूखान्यात लोखंडाची टंचाई नाही; जहाजं मोडण्याचा उद्योग तिथे किती जुना आहे ते रस्त्याच्या रंगावरूनच समजतं. आम्हाला तीन बाय दोनचा पाइप हवा होता. वखारवाला म्हणाला, “तीन बाय दीड है. आधा इंच में क्या फरक पडता है?” बीझमायरने यावर काय म्हटलं असतं कोण जाणे. मामा पाइप निवडायला बसला. एक डोळा मिटायचा, पाइप बंदुकीसारखा धरायचा, नाक मुरडायचं आणि खाली ठेवायचा. मग दोन पाइप एकमेकांना चिकटवून मधून उजेड झिरपतो का ते बघायचं. सुरुवातीला हमाल हसले. थोड्या वेळाने तेही एकेक डोळा मिटून बघू लागले आणि आपसांत वाद घालू लागले. शेवटी वखारवाला स्वतः उठला आणि त्याने निवडलेला पाइप मामालाही मान्य झाला. पाच फुटांवर कापला, दोन अँगल कापले, सगळं मिळून एकवीस किलो. मामाने पावती मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द ऐकल्यासारखं बघत वखारवाल्याने कॅलेंडरच्या फाटक्या पानावर लिहिलं: ‘लोखंड, २१ किलो’.

लगेजच्या डब्यात कोळणींनी आम्हाला जागा दिली, पण टोपलीखाली टेकू म्हणून आमचा पाइप मागितला. मामाने तो छातीशी धरला. कुर्ल्याला हार्बरवरून मेनवर जायचं, म्हणजे पूल. पाच फुटांची वस्तू घेऊन कुर्ल्याच्या जिन्यावर वळायचं असेल, तर मागच्या माणसाला आधी सांगावं लागतं, आणि मागचा माणूस दर पावलाला बदलत असतो. मामा “मागे पाइप! मागे पाइप!” असं ओरडत चालला होता. त्याच ओरडण्याने आरपीएफचा जवान आला.

“काका, हे लोखंड कुठलं?”

मामाने कॅलेंडरचं पान दिलं. जवानाने ते उलटसुलट पाहिलं. मागे लक्ष्मी होती. मग त्याने १९६६ चा कायदा सांगितला, रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दलचा. माझ्या डोळ्यांपुढे डोंबिवलीतली मामी उभी राहिली. मामा मात्र खुलला. दिवसभरात प्रथमच कुणी मनापासून चौकशी करत होतं. त्याने पात्यापासून सुरुवात केली. फेन्स, रेल, समांतर, फळी पोटात. मग त्याने पाइप जवानाच्या हातात दिला. “एक डोळा मिटून बघा. आहे का रेल्वेकडे एवढं सरळ?”

जवानाने डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं.

“म्हणजे तुम्ही सुतारकाम करता?”

मामाने माझ्याकडे पाहिलं, पुलावरच्या गर्दीकडे पाहिलं.

“करतो.”

“पोरगी दहावीला आहे. अभ्यासाला टेबल पाहिजे होतं. साडेतीन बाय दोन, एक ड्रॉवर. किती घ्याल?”

मामाने लक्ष्मीचं पान परत घेतलं, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, “लाकूड तुमचं की माझं?”