समोसा, साहेब आणि धमनी

जून 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सगळ्या खात्यांना पत्र धाडलं: कचेऱ्यांत तेल आणि साखरेचे फलक लावा. महिनाभरात बोभाटा झाला, की समोसा-जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा छापणार. शेवटी सरकारलाच खुलासा करावा लागला की तसं काही नाही. देशाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि चटणी मागवली.

आमच्या कचेरीतही कँटीनच्या दाराशी फलक आला. त्याच्याखाली उभे राहूनच आम्ही समोसे खातो, कारण पंखा तिथेच आहे.

माझं म्हणणं एवढंच, की फलक अर्धा आहे. समोशातलं तेल मोजलं, साहेबांच्या 'जरा आत या'चं काय? त्याचा फलक त्यांच्या केबिनच्या दारावर हवा.

हे मी मनचं सांगत नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी 21 धडधाकट तरुण मुलामुलींना न्याहारीला बटर क्रोसाँ, चीज आणि सायीचं दूध दिलं. पोटात गेली 56 ग्रॅमवर चरबी. ती मुरल्यावर आठ मिनिटं तोंडी गणितं. वेग वाढत जाणार, चुकलं की तिथल्या तिथे ऐकवणार. (आठच मिनिटं! आमची मासिक आढावा बैठक त्यांनी पाहिलेली नाही.) मग हाताला पट्टा आवळून सोडायचा आणि रक्त धावल्यावर धमनी किती फुलते, ते अल्ट्रासाउंडवर बघायचं. ताण आला की धमनीच्या आतलं अस्तर नीट काम करेनासं होतं, हे आधीच माहीत होतं. नवं ते पुढेच. हलकी न्याहारी दिली तेव्हाही त्याच मुलांची धमनी गणितांनी बिघडली, पण दीड तासात ताळ्यावर आली. तुपकट न्याहारीनंतर मात्र दीड तास उलटला तरी ती रुसलेलीच.

म्हणजे समोसा खाऊन ओरडा खाल्ला तर काय होतं, हा वाद निदान बर्मिंगहॅमपुरता मिटला. आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी, एकाच टेबलावर मिळतं.

त्याच संशोधकांनी पुढे तुपकट न्याहारीबरोबर फ्लॅव्हनॉल नावाचं द्रव्य भरपूर असलेला कोको पाजला, तर धमनी सावरलेली दिसली. कोको कमी प्रक्रिया केलेला लागतो. मी लगेच प्रस्ताव टाकला: बैठकीच्या दिवशी माणशी एक कप कोको, खर्च किरकोळ शीर्षाखाली. लेखा शाखेने तीन दरपत्रकं मागितली. आस्थापनेने विचारलं, कोको औषधात मोडतो की अल्पोपाहारात? दोन्हींतून फिरून नस्ती साहेबांकडे गेली आणि काल परत आली. वर लाल शाईत शेरा: 'चर्चा करावी.'

चर्चा आज चारला आहे. समोसे सांगून झालेत.