लागेल काकू

सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर त्यांचं नाव काहीतरी वेगळं असतं, पण तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळे त्यांना 'लागेल काकू' म्हणतात. कुणी कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरू लागला की दुसऱ्या मजल्यावरचं एक दार किलकिलं होतं. "थांब रे, बघू काय टाकतोयस. अगंबाई! हे कशाला टाकतोस? लागेल!"

कशाला लागेल, हे विचारायचं नसतं. मी इथे नवीन असताना एकदा विचारलं होतं. त्यात माझा पाऊण तास गेला आणि कान तुटलेला एक कप गेला. पुढच्या आठवड्यात तो कप टाचण्यांची उशी होऊन काकूंच्या शिलाई मशीनवर बसलेला दिसला. तुटक्या कानाच्या जागी लोकरीची वेणी चिकटवली होती. माझ्याकडे होता त्यापेक्षा तो बराच सुखात दिसत होता.

वस्तू जपून ठेवणारी माणसं तशी घरोघर असतात. कुणी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतं, कुणी आहेराच्या पाकिटावरचं नाव खोडून ते पुढच्या लग्नात चालवतं. पण ही सगळी हौशी मंडळी. काकूंचा अभ्यास एकाच शाखेचा आहे. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू जन्माला येते ती शिवणकामासाठीच, मधली काही वर्षं ती चुकून दुसऱ्या नोकरीत असते. श्रीखंडाचा डबा हा मुळात रिळांचा डबा, श्रीखंड त्यात चार दिवस पाहुणं म्हणून आलेलं. ते संपेपर्यंत काकू डब्याकडे, भाडेकरू कधी जातो याची वाट पाहणाऱ्या घरमालकिणीच्या नजरेनं बघत असतात.

हे सगळं मला इतक्या जवळून पाहता आलं, कारण माझी एक पँट त्यांच्याकडे होती. नवी पँट, दोन इंच लांब झालेली. कोपऱ्यावरचा टेलर साठ रुपये मागतो, एवढं मी जिन्यात सहज बोललो. काकू मनापासून दुखावल्या. "साठ रुपये? दोन इंचांचे? काही नको. आण इकडे. ठेव इथं."

ती मी ठेवली. तेव्हा दसरा तोंडावर होता.

दिवाळीआधी चौकशीला गेलो. काकूंच्या हॉलमध्ये खिडकीशी सासूबाईंच्या वेळचं उषाचं पायमशीन आहे. त्याच्या पाट्यावर, सुईपासून मोजून अर्ध्या इंचावर, एक मरून टिकली चिकटवलेली आहे. कापडाची कड टिकलीला लावून धरली की टीप रेघेसारखी सरळ जाते. "बाजारात याचं लोखंडी गाइड मिळतं म्हणे," काकू तुच्छतेनं म्हणाल्या. सुया होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या कुप्यांत ठेवलेल्या. एकीत चौदा नंबर, एकीत सोळा नंबर, एकीत हातशिलाईच्या. कुप्यांवर 'चार गोळ्या, दिवसातून तीनदा' हे अजून तसंच आहे. त्यामुळे काका अंधारात औषध घेत नाहीत. कापडावर ठेवलेला कागद बेतताना सरकू नये म्हणून चार जुन्या कुकरच्या चार शिट्ट्या वजन म्हणून ठेवायच्या. काकूंच्या घरी चार शिट्ट्या झाल्या म्हणजे वरण झालं असं कुणी समजू नये, तिथे ब्लाउज बेतायला घेतलेला असतो.

"आणि माझी पँट?"

"तुझी गडद निळी आहे ना. तिच्यावर खूण करायला खडू नको का? खडू वाळतोय."

खडू म्हणजे खिडकीत ओळीनं मांडलेल्या अंगाच्या साबणाच्या चिपट्या. त्या घरात कुठलीही साबणाची वडी शेवटपर्यंत कुणाच्या अंगाला लागलेली नाही. नाण्याएवढी जाड उरली की ती जप्त होते, पंधरा दिवस वाळते आणि सुरीनं तिला धार काढली जाते. गडद कापडावर तिची रेघ स्वच्छ उमटते आणि पहिल्याच धुण्यात निघून जाते, कारण ती रेघ स्वतःच साबण असते. इथे मात्र मला मान लववावी लागली. दुकानातला रंगीत खडू कधीकधी कापडावर डाग ठेवून जातो, काकूंची चिपटी जाताना डागही घेऊन जाते. पांढऱ्या कापडाचं काय, असं मी विचारलं, तर त्यांनी लाल साबणाची एक चिपटी दाखवली. ती पाहुण्यांच्या बाथरूममधून आली होती. पाहुणे अजून घरातच होते.

टाचण्यांच्या उशीत काय भरावं यावरही काकूंची ठाम मतं आहेत. कापूस भरला की चार महिन्यांच्या पावसात पुण्याच्या हवेला सुया गंजतात. म्हणून आत गुंतवळ भरायचं. केसांना तेल असतं, सुई आत-बाहेर करताना ते तिला लागत राहतं आणि गंज धरत नाही. आमच्या गल्लीत केस घेऊन भांडी देणारी एक बाई येते. तिनं काकूंच्या दारात एकदाच हाक दिली. "केस देऊन वाटी घेऊ? आणि उशी कशानं भरू, वाटीनं?"

बोहारणीशी मात्र त्यांचं वेगळंच नातं आहे. बोहारणीला जुने कपडे देऊन पातेलं घेणाऱ्या बायका आम्ही सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. बोहारणीकडून जुने कपडे घेणाऱ्या बाई मी आयुष्यात एकच पाहिल्या. तिचं गाठोडं पायरीवर सुटलं की काकू चष्मा लावून खाली बसतात आणि भाजी निवडावी तसे कपडे निवडतात. चेन ओढून पाहतात, हुक मोजतात, कॉलरीच्या आतलं कॅनव्हास दाबून पाहतात. एकदा त्यांनी माणसाला होणारच नाही असा एक कोट घेतला. का, तर त्याला अस्सल शिंपल्याची सहा बटणं होती. ती आता जुन्या हॉर्लिक्सच्या बाटलीत आहेत. कोट कुठे आहे, ते विचारायचं माझ्याच्यानं झालं नाही.

बाकीची खरेदी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि त्या दिवशी काकूंच्या घरी जेवणाची वेळ नक्की नसते. तिथून त्यांनी आवाज न येणारा एक स्पीकर साठ रुपयांना आणला. विकणारा भला माणूस होता, हा वाजत नाही असं त्यानं तीनदा सांगितलं. काकूंना तो वाजायला नकोच होता. घरी येऊन त्यांनी त्याचं लोहचुंबक काढलं, त्याला मखमलीचं टोपडं शिवलं आणि दोरी बांधून ते हॉलभर फिरवलं. सोफ्याखालच्या टाचण्या पटापट येऊन चिकटल्या. फक्त जुन्या पितळी टाचण्या चुंबकाला दाद देत नाहीत. त्या काकांच्या पायाला सापडतात. साठ रुपयांत माझी पँट झाली असती, हा हिशेब मी मनातच ठेवला.

संक्रांतीच्या सुमाराला गेलो तो दिवस करवंटीचा. घरात शिरतानाच खमंग वास येत होता. काका टेबलाशी रिकामी बशी घेऊन बसले होते. त्यांना वाटलं रवा भाजला जातोय. कढईत सुताराकडून आणलेला सागवानी भुसा होता. तो भाजून घेतला की त्यातला ओलावा जातो, कीड लागत नाही आणि उशी जड, घट्ट बसते. शेजारी अर्धी करवंटी, बाहेरून काचेच्या तुकड्यानं खरवडून इतकी गुळगुळीत केलेली की शिशवी वाटी वाटावी.

"गुंतवळ काय झालं?"

"एवढ्या मोठ्या उशीला पुरायचं नाही. वरचा थर देते त्याचा."

मग त्यांनी करवंटीच्या तोंडाच्या दुपटीहून थोडं मोठं असं खणाचं गोल कापड घेतलं, कडेनं धावदोरा घातला आणि दोरा हळूहळू ओढला. बघता बघता कापडाची चुण्याचुण्यांची पिशवी झाली. तिच्यात गार झालेला भुसा चमच्यानं ठासला, वर गुंतवळ, मग दोऱ्याला शेवटचा हिसका आणि दोन गाठी. करवंटीला आतून फेविकॉल लावून तो गोळा अंगठ्यांनी दाबून बसवला, आणि करवंटी लवंडू नये म्हणून बुडाला लोणच्याच्या बरणीचं झाकण. खणाच्या त्या जांभळ्या घुमटात काकूंनी पहिली सुई खोचली तेव्हा 'कच्च' असा इतका समाधानाचा आवाज झाला की मी पँटचं विसरलो.

बोहरी आळीत अशी उशी चहाच्या पैशांत मिळते. काकूंची फुकट झाली. फक्त नारळ बरोबर मधोमध फुटेपर्यंत त्यांना चार नारळ फोडावे लागले, त्यामुळे आठवडाभर त्या घरात सोलकढी, नारळीभात आणि वड्या याखेरीज काही झालं नाही. "पण ते खाल्लंच ना आपण?" काकू म्हणाल्या. काकांनी रिकामी बशी आत नेऊन ठेवली.

काकांविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण साहित्यपुरवठ्यात त्यांच्या देहाचाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी त्यांची पाठ धरली. एक्स-रे काढला, डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, काळजीचं कारण नाही म्हणाले. काकूंनी विचारलं, "मग ही फिल्म आता लागणार नाही ना?" एक्स-रेची फिल्म म्हणजे बेतणीसाठी सोनं. कागदासारखी फाटत नाही, पुठ्ठ्यासारखी दुमडत नाही, आणि कडेनं शंभरदा साबण फिरवला तरी तिची गोलाई बिघडत नाही. तिच्यातून काकूंनी ब्लाउजच्या पाठीचा गळा कापून ठेवला. त्याची गोलाई इतकी नेमकी आहे की वरच्या-खालच्या बायका तो मागायला येतात. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या पाठी काकांच्या पाठीवरून बेतलेल्या आहेत. अलीकडे दवाखाने एक्स-रे मोबाइलवर पाठवू लागल्याचं काकूंना फार वाईट वाटतं. "मोबाइलची कॉलर कशी कापायची?"

कुणाचा मिक्सर जळाला, छत्री उलटली, सायकलची ट्यूब कामातून गेली की काकू भेटायला येतात. आधी हळहळतात, मग पिशवी उघडतात. ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा त्या गोधडी शिवताना बोटाला गुंडाळतात. जुन्या साड्यांच्या पाच-सहा थरांत सुई रुतून बसली की नुसती बोटं घसरतात, रबर सुईला धरतं. लहानपणी त्यांच्या आजीला दातांनी सुई ओढताना त्यांनी पाहिलं होतं. हे सांगताना काकूंचा आवाज जरा खाली आला. मग त्यांनी तो तुकडा माझ्या बोटाला गुंडाळला आणि म्हणाल्या, "ओढ." सुई लोण्यातून निघावी तशी निघाली. आजीला हे सापडायला हवं होतं, असं मलाही वाटून गेलं.

पँट शेवटी गणपतीच्या आदल्या दिवशी मिळाली. व्यवस्थित घडी घातलेली, तुरपाई इतकी बारीक की सुलट बाजूनं टाका दिसू नये. कोपऱ्यावरच्या टेलरनं असं काम सात जन्मांत केलं नसतं. मी तिथल्या तिथे आतल्या खोलीत जाऊन ती घालून आलो. काका माझ्या घोट्यांकडे बघत राहिले.

काकूंचा टेप पूर्वी कधीतरी इस्त्रीखाली सापडला होता. त्याचे पहिले तीन इंच जळून गेले. काकूंनी टोकाची पितळी पट्टी काढून तिथंच ठोकली, त्यामुळे त्यांचा टेप तिनापासून सुरू होतो. इतक्या वर्षांत त्यांना त्याची सवय झाली आहे. चाळीस हवे असले की त्या त्रेचाळीसवर खूण करतात, आणि हे त्यांचं कधी चुकत नाही. माझ्या पँटच्या वेळी तेवढं दारात कुणीतरी कचरा घेऊन चाललेलं होतं.

"तीन मिळवायचे राहिले वाटतं," काकू बोटं मोजत म्हणाल्या.

"कापलेले तुकडे असतील ना? तेच परत जोडू."

"ते बरे राहतील!" त्यांनी खण उघडून एक छोटी गडद निळी वही माझ्या हातात ठेवली. आत फ्लॅनेलची तीन पानं, पानात एक सुई, सुईत ओवलेला निळा दोरा, बंद करायला शिंपल्याचं एक बटण. "तुझ्यासाठीच केलंय सुईघर. एकटा राहतोस, बटण तुटलं तर कुणाकडे जाशील?"

मी सुईघर हातात धरून उभा होतो. घोट्यांना पंख्याचा वारा लागत होता. काकू दोन पावलं मागे सरकल्या, मान तिरकी करून त्यांनी मला खालून वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"खालून पट्टी लावू! माझ्याकडे छत्रीचं कापड आहे, पावसात भिजायचंसुद्धा नाही. काढ ती. ठेव इथं."