सेगमेंटकाका

सोसायटीच्या गच्चीवर तार बांधायची परवानगी मिळवताना हौशी रेडिओवाल्यांच्या चपला झिजतात. आमच्या काकांना ती पहिल्याच मीटिंगला मिळाली आणि पंचाईत झाली. आता तार खरोखर बांधावी लागणार!

काका मुळात संगणकावरचे अँटेनावाले. जेवणं आटोपली की लॅपटॉपवर नेक हे अँटेनाचं गणित करणारं इंजिन उघडून तारेचे तुकडे, म्हणजे सेगमेंट, पाडत बसतात. चाळीस मीटर बँडचा डायपोल म्हणजे साधारण 20 मीटर तार. एका नवशिक्या पोराने तिचे 20 सेगमेंट केले, तर काका कळवळले. "अरे, नेक सोर्स ठेवतं सेगमेंटच्या पोटात. वीस केलेस तर मधोमध सांधा आला! फीडपॉइंट अर्धा मीटर सरकला की. एकवीस कर, अकराव्यात ठेव." पोरगं एकवीस करून आलं. "इंजिन कुठलं वापरतोस?" "मिनीनेक." "मग सोर्स सांध्यावरच बसतो. वीसच बरोबर होते."

पुढे त्यांनी एका बाजूला फीड असलेला डायपोल घेतला. त्याला विंडम म्हणालात तर गेलात. 1929 च्या विंडमच्या अँटेनाला फीडची एकच तार होती, हे ऐकून घ्यावं लागतं. फीड हवा टोकापासून बरोबर एक-तृतीयांशावर. 15 सेगमेंट केले, तर पाचव्याचा मध्य 30 टक्क्यांवर, सहाव्याचा 36.7 वर. 45 केले, तरी हुकलाच. शेवटी कागदावर समीकरण मांडलं: एका बाजूला कायम विषम संख्या, दुसरीकडे कायम सम. म्हणजे सारखे सेगमेंट कितीही पाडा, कुणाचाच मध्य तिथे येणार नाही! मध्यरात्री काकूंना उठवून हा शोध सांगितला.

"अहो, मग तिथेच तोडा ना तार," कूस बदलत काकू म्हणाल्या.

उपाय खरोखर तोच. तार तोडून मध्ये छोटा तुकडा जोडायचा, सोर्स त्याच्या पोटात आणि शेजारचे सेगमेंट तेवढ्याच लांबीचे. काकूंना श्रेय अर्थातच मिळालं नाही.

गच्चीवरची तार शेवटी पोरांनीच बांधली. एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं डिशच्या खांबाला, मध्ये झोळ. आणि फीडपॉइंट कुठे, तर कोअॅक्स पुरली तिथे. रात्री कोलंबोने पहिल्याच हाकेला ओ दिली. पोरं नाचायला लागली. काकांनी लॅपटॉप फिरवून दाखवला: जमिनीपासून एवढ्याशा उंचीवर बहुतेक सिग्नल सरळ वर जातो. "कोलंबो इतकं खणखणीत यायलाच नको होतं. काहीतरी चुकलंय. रविवारी तार उतरवू."