बिनलॅपटॉपचा तज्ज्ञ

दहा हजारांच्या आत लॅपटॉप मिळतो ही बातमी २०१६ साली आदिलाबादेत येऊन पोहोचली आणि माझं स्वास्थ्य गेलं. तोवर माझ्या लेखी लॅपटॉप ही तीस-चाळीस हजारांची वस्तू होती, म्हणून मी निर्धास्त होतो. जी वस्तू घेणं शक्यच नाही तिच्याबद्दल माणूस निवांत बोलतो. परवडायला लागली की पंचाईत होते.

मला लॅपटॉप कशाला हवा होता हे आधी सांगतो, कारण घरात हा प्रश्न रोज विचारला जाई. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक. आदिलाबाद तेलंगणात असलं तरी इथे मराठी शाळेचं कुणाला नवल नाही. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुकेसुद्धा आमच्याच जिल्ह्यात होते. भाषावार राज्यं झाली तेव्हा ते तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात दख्खनी हिंदी असा आमचा दिवस जातो. प्रश्नपत्रिका टाइप करून देणाऱ्या दुकानातल्या पोराला मात्र यातल्या दोनच यायच्या आणि मराठी त्यात नव्हती. एका सहामाहीला त्याने ‘टिपा लिहा’चं ‘पिता लिहा’ केलं. अर्ध्या वर्गाने इमानेइतबारे वडिलांचं नाव लिहिलं. पुढे ‘कोणतेही दोन’ अशी सूचना होती, म्हणून एकाने काकांचंही लिहिलं.

त्या दिवशी मी स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं. बायको म्हणाली, “मग जा अन् घेऊन या. काहून बसून राहिले?”

“अशी कशी घेऊन येऊ? तुलना नको का करायला?”

“दहा हजारात तुलना काय करता? वर काही परवडत नाही, खाली काही मिळत नाही.”

साऱ्या प्रकरणातलं हे सर्वांत शहाणपणाचं वाक्य होतं, त्यामुळे मी ते कानाआड केलं. कपाटात गेल्या वर्षीचा अर्धा कोरा हजेरीपट होता. रकाने आयतेच आखलेले. मुलांच्या नावांच्या जागी मी लॅपटॉपची नावं घातली आणि दररोज संध्याकाळी त्यांची हजेरी घेऊ लागलो.

मास्तरकी रक्तात असल्याने प्रस्तावनेशिवाय तुलना सुरू करणं मला पटेना. म्हणून पहिली काही पानं स्वस्त लॅपटॉपच्या इतिहासाने भरली. २००७ साली कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेची हिरवी-पांढरी यंत्रं आली, भारतातला तो पहिला प्रयोग. त्याच वर्षी असूसने सात इंची पडद्याचा ई-पीसी काढला. त्यातली साठवणीची जागा अवघी ४ जीबी, पण त्याने जगाला नेटबुकचं वेड लावलं. पाठोपाठ इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर आला आणि जो तो नेटबुक काढू लागला. ऑक्टोबर २०११ मध्ये कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ टॅब्लेट दाखवला, सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. हे सगळं मी तांबड्या शाईत अधोरेखित केलं. बायकोने पान उलटून पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे दोन हजारात मिळत होता तेव्हाही तुम्ही घेतला नाही.”

मग मुख्य तक्ता. आयबॉलचा कॉम्पबुक एक्सलन्स: साडेअकरा इंचांहून थोडा मोठा पडदा, ९,९९९ रुपये. मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास लॅपबुक: पडदा तेवढाच, १०,४९९. आणि आपल्या हैदराबादच्या आरडीपी कंपनीचा थिनबुक: पडदा चौदा इंचांचा, किंमत पुन्हा ९,९९९. नावं लिहून झाल्यावर मी एकेक रकाना भरायला घेतला. रॅम: २ जीबी, २ जीबी, २ जीबी. साठवण: ३२, ३२, ३२. प्रोसेसर: अ‍ॅटम, अ‍ॅटम, अ‍ॅटम. विंडोज: दहा, दहा, दहा. पानभर हजेरीत सगळेच हजर.

दुसरा कुणी असता तर पडद्याचं माप बघून चिठ्ठी टाकून मोकळा झाला असता. मी आणखी रकाने काढले. वजन. बिजागरीचा कोन. झाकण उघडताना होणारा आवाज. माझा भाचा तेव्हा हैदराबादला इंजिनिअरिंग शिकत होता. तो फोनवर म्हणाला, “मामा, सगळे सारखे दिसणारच. टॅब्लेटसाठी बनवलेला प्रोसेसरच त्यात घातलाय, खाली नुसता कीबोर्ड जोडलाय. रॅम आणि साठवण बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तुम्ही टॅब्लेटची टॅब्लेटशी तुलना करताय.” मी ‘भाच्याचे मत’ असा आणखी एक रकाना काढला.

तोच म्हणाला की सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये संगणकांचा अख्खा बाजार आहे, तिथे चारपाचशे रुपये कमी पडतील. आमच्याकडून राजधानीला रेल्वेने जायचं तर गाडी आधी महाराष्ट्रात शिरते. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड असा फेरा मारून मग निजामाबादकडे वळते. रात्रभर कृष्णा एक्स्प्रेसमध्ये बसायचं, चारपाचशे वाचवायचे आणि त्याहून जास्त भाडं भरायचं, हा हिशेब मी बायकोपुढे मांडला तेव्हा तोंडाने सांगता सांगताच मला तो उमगला. मग नागपूरचा विचार केला. ते जवळ आहे, म्हणजे तोटा कमी झाला असता.

शेवटी गावातल्याच एका दुकानात जाऊ लागलो. मालक ओळखीचा झाला. मी लॅपटॉप उचलून पाही, खाली ठेवी, पुन्हा उचली. या मशीनना पंखा नसतो, त्यामुळे ती अगदी मुकाट चालतात. मला ते संशयास्पद वाटलं.

“आवाज येत नाही. चालू आहे हे कसं कळायचं?”

“सार, स्क्रीन जल रही ना.”

“आणि गरम किती होतो?”

“सार,” तो हात जोडून म्हणाला, “लॅपटॉप है ये. इस्त्री होना तो बाजूवाले के पास देखो.”

एव्हाना हजेरीपटाची कीर्ती शिक्षकांच्या खोलीत पोहोचली होती. मधल्या सुट्टीत माझ्याभोवती कोंडाळं जमे. गणिताचे सर बॅटरीविषयी विचारत, तेलुगूच्या मॅडम तेलुगू टायपिंगविषयी. विंडोज दहामध्ये मराठी आणि तेलुगू दोन्हींचे इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, हे मी सांगितलं तेव्हा मॅडमनी मला स्वतःच्या डब्यातली पुलिहोरा वाढली. आयुष्यात प्रथमच लोक माझं बोलणं लिहून घेत होते. वर्गात हे कधी घडलं नव्हतं.

त्या वर्षी दसरा ११ ऑक्टोबरला आला. त्याच मुहूर्तावर सरकारने नवे जिल्हे केले. जुन्या आदिलाबादचे चार तुकडे झाले: निर्मल वेगळं, मंचेरियाल वेगळं, कुमरम भीम आसिफाबाद वेगळं. एवढा मोठा जिल्हा वाटून झाला आणि मला तीन सारख्या यंत्रांतून एक निवडता येईना. सहकाऱ्यांनी मात्र सोनं लुटलं. माझा हजेरीपट काखेत मारून ते सगळे मिळून दुकानात गेले आणि दुकानात शिल्लक होता तो भलत्याच चौथ्या कंपनीचा लॅपटॉप प्रत्येकी एक घेऊन आले. रॅम २, साठवण ३२. परत येऊन माझे आभार मानले. “तुमच्यामुळे निर्णय सोपा झाला, सर.”

मी दिवाळीच्या सवलतींसाठी थांबलो होतो. पाचशेच्या वीस नोटा पाकिटात घालून, पाकिटावर ‘लॅपटॉप’ लिहून लक्ष्मीपूजनाला ठेवल्या. दिवाळी सरली. भाचा म्हणाला, सण झाला की भाव आणखी उतरतात. मी थांबलो. ८ नोव्हेंबरच्या रात्री पंतप्रधान टीव्हीवर आले. ते काय बोलले हे साऱ्या देशाला आठवतं. मला आठवते ती बायकोची नजर, जी टीव्हीवरून हळूहळू देव्हाऱ्याकडे गेली आणि तिथून माझ्याकडे आली.

बाद झालेल्या नोटा भरायच्या बँकेच्या रांगेत माझ्या पुढे तोच दुकानदार उभा होता. मागे वळून म्हणाला, “सार, अब तो ले लो. चेक चलेगा.” पण पैसे खात्यात गेले की ते लॅपटॉपचे राहत नाहीत, घरचे होतात. रांगेत नोव्हेंबरचं ऊन होतं, कापूस विकून चेक हातात पडलेले शेतकरी होते. त्यांच्यापुढे लॅपटॉपचं दुःख सांगायची मला लाज वाटली. तरी ते दोघातिघांना सांगून झालंच.

ही वार्ता नांदेडला गेली आणि मेहुणा धावून आला. सोबत त्याचं जुनं नेटबुक, २०१० सालचं. “भाऊजी, तुमचं ठरेपर्यंत हे वापरा.” दहा इंची, पाटीएवढं मशीन, वायर काढली की जागच्या जागी प्राण सोडणारं. त्यात विंडोज सेव्हनची स्टार्टर नावाची सर्वांत गरीब आवृत्ती होती. तिच्यात पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलता येत नाही. मेहुण्याला तिथे मुलीचा फोटो लावायचा होता. मुलगी बालवाडीतून पाचवीत गेली, चित्र तेच राहिलं.

खरी गंमत पडद्याच्या उंचीत होती. पडदा १०२४ बाय ६००, आणि कित्येक प्रोग्रॅमच्या चौकटी त्याहून उंच. ‘ओके’चं बटण पडद्याच्या खाली कुठेतरी अदृश्य जगात असे. अंदाजाने टॅब दाबत जायचं आणि श्रद्धेने एंटर मारायचा. ‘रद्द करा’ हे बटणही त्याच अदृश्य जगात शेजारी राहत असल्याने फळ कोणतं मिळेल हे आपल्या हाती नसे. या पद्धतीने मी नववीची प्रश्नपत्रिका तयार केली. ‘टिपा लिहा’ अचूक आलं. बाकीची पानं आलीच नाहीत.

इकडे शिक्षकांच्या खोलीत वेगळंच पेटलं. ऑगस्टमध्ये निघालेलं विंडोजचं मोठं अपडेट एव्हाना एकेकाच्या लॅपटॉपच्या दारात येऊन उभं राहत होतं आणि आत यायला जागा मागत होतं. जागा कुठली असणार? कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे पुठ्ठ्यावरचे ३२ पडद्यावर तिशीच्याही खाली दिसतात. मग विंडोज आपली खोली अडवून बसतं, दुरुस्तीच्या फायली बाजूची. माझे वडील कापूस घेऊन बाजारात जायचे तेव्हा असंच व्हायचं. गाडी भरून माल न्यायचा आणि ओलावा आठ टक्क्यांवर निघाला की भाव कापायचा, बाराच्या वर गेला की कापूस घेणारी सरकारी सीसीआय मालाला हातच लावायची नाही. ओलाव्यात वाढलेला मी, पण हजेरीपटाच्या पन्नासेक रकान्यांत ‘शिल्लक जागा’ हा रकाना नव्हता. बिजागरीचा कोन मात्र होता.

“सर, तुमच्या सांगण्यावरून घेतला,” गणिताचे सर म्हणाले. मी सांगितलेल्या तीनांपैकी तो नव्हताच, पण हे बोलायची सोय नव्हती. सल्ल्याचं श्रेय घेतलं होतं, पुलिहोराही खाल्ली होती. सुदैवाने पडद्यावरच उपाय लिहून येत होता: मोकळी जागा असलेला पेनड्राइव्ह जोडा. मग रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर शिबिर भरू लागलं. सगळे आपापली मशीन आणि चार्जर घेऊन येत, मी बोर्डाला बोर्ड जोडून वीज पुरवी, बायको चहा पुरवी. फोटो पेनड्राइव्हवर हलव, नको ते प्रोग्रॅम काढ, अपडेट लाव आणि टक्केवारी सरकायची वाट बघ. गावात कुणाचं मशीन अडलं की लोक म्हणत, त्या मराठीच्या सरांकडे न्या, त्यांच्याकडे सगळ्या कंपन्यांची माहिती आहे. मशीन नव्हतं एवढंच.

एका रविवारी दुकानदारही आला. मला वाटलं भांडायला आला असेल. तो हजेरीपट मागायला आला होता. “झेरॉक्स करके देता सार. गिऱ्हाईक लोगां बहुत सवालां पूछ रहे.” मी नवा रकाना भरून दिला.

माझी प्रश्नपत्रिका आता गणिताच्या सरांच्या लॅपटॉपवर टाइप होते, रविवारी, अपडेट संपल्यावर. मुख्याध्यापकांना सध्या फ्रिज घ्यायचा आहे. दोनशे लिटरचा म्हणतात त्यात प्रत्यक्ष किती लिटर मावतं, हे विचारायला ते परवा मुद्दाम घरी आले. प्रश्न ऐकून मला भरून आलं. त्यांच्यासाठी कोरा हजेरीपट काढला आहे, यंदा पहिलाच रकाना ‘शिल्लक जागा’ असा घातला आहे. आमचा स्वतःचा फ्रिज उन्हाळ्यापासून बंद आहे. तो बदलण्याआधी बाजार नीट पाहून घ्यावा म्हणतो.